वेष्टनावरील शब्द आणि आतील विष

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी विषयाच्या प्राध्यापकाला शताब्दी व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीच्या वाटचालीवर बोलणार, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आजचा विषय कार्यपत्रिकेत वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. 'कायदेशीर' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नशेच्या पुड्या आणि त्यांच्यावरील खोटी लेबले, हा विषय रसायनशास्त्राचा किंवा पोलीस खात्याचा. त्याचा ग्रंथालयाशी काय संबंध? माझ्या मते संबंध आहे आणि तो जवळचा आहे. ग्रंथालय ही छापील शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांची संस्था होय. तालिकेत जो क्रमांक लिहिलेला आहे, त्या क्रमांकावर तेच पुस्तक सापडेल, या भरवशावर आपला सारा व्यवहार शंभर वर्षे चालला. तालिकेतली एक नोंद चुकली तर एक ग्रंथ हरवतो. वेष्टनावरची एक नोंद खोटी असली तर माणूस हरवतो. मी भाषेचा विद्यार्थी आहे, आणि हे प्रकरण माझ्या दृष्टीने मुळात भाषेचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. गांजा, अफू, कोकेन यांवर बहुतेक देशांत कायद्याने बंदी आहे. कायद्याच्या परिशिष्टात अशा द्रव्यांची यादी असते. यादीतील द्रव्याच्या रेणूत थोडासा फेरफार केला की त्याचे रासायनिक नाव बदलते. नाव बदलले की ते यादीबाहेर पडते. यादीबाहेर पडले की काही काळ तरी त्याची विक्री गुन्हा ठरत नाही. या फटीत उभा राहिलेला व्यापार म्हणजे 'लीगल हाय'. मराठीत आपण त्याला 'कायदेशीर नशा' म्हणू. युरोपातील यंत्रणेने १९९७ पासून अशा नव्या द्रव्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. २०१४ या एकाच वर्षात तिच्याकडे १०१ नवी द्रव्ये नोंदली गेली आणि २०२३ अखेर तिच्या यादीतील द्रव्यांची संख्या ९५० च्या वर गेली. एखाद्या भाषेत इतक्या वेगाने नवे शब्द आले तर कोशकार हात टेकतील. इथे तर प्रत्येक नव्या शब्दामागे एक अनोळखी द्रव्य उभे आहे.

या व्यापाराने आपल्या मालाला दिलेली नावे मोठी पाहण्यासारखी आहेत. कुठे 'उदबत्तीचा मसाला', कुठे 'आंघोळीचे क्षार', कुठे 'झाडांचे खत', कुठे 'संशोधनासाठी रसायन'. आणि प्रत्येक पाकिटावर ठरलेली ओळ : 'मानवी सेवनासाठी नाही'. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक, की हे खत कुठल्याही कुंडीत पडणार नाही. मग ही ओळ कशासाठी? तिचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेत १९८६ साली असा कायदा झाला की बंदी असलेल्या द्रव्याशी रचनेने व परिणामाने मिळतेजुळते द्रव्य हेही बंदी असल्याप्रमाणेच मानावे; परंतु ते मानवी सेवनासाठी असेल तरच. तेव्हा 'मानवी सेवनासाठी नाही' ही ग्राहकाला दिलेली सूचना नव्हे, ती न्यायालयाला उद्देशून लिहिलेली पळवाट आहे. ज्या वाक्याचा वाचक एक आणि श्रोता दुसराच, अशा वाक्यापासून सावध राहावे, हे आम्ही साहित्याच्या वर्गात शिकवतो. इथे तो धडा जिवावर बेतणारा आहे.

खोट्या लेबलांचे चार प्रकार मला दिसतात. प्रत्येकाचे एकेक घडलेले उदाहरण सांगतो.

पहिला प्रकार, वनस्पतीचे नाव आणि आत रसायन. २००४ च्या सुमारास युरोपात 'स्पाइस' नावाची रंगीत पाकिटे विकली जाऊ लागली. त्यांवर धूप म्हणून जाळण्याच्या वनौषधींची यादी असे. तीत निळे कमळ होते, आपले नेहमीचे कमळही होते. ओढणाऱ्यांना गांजासारखा अंमल चढे, आणि हा वनस्पतींचाच गुण असे लोक मानत. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील तपासणीत उलगडा झाला. पाला हे केवळ निमित्त होते. त्यावर 'जेडब्ल्यूएच-०१८' नावाचे कृत्रिम रसायन फवारलेले होते. लेबलावर त्याचा उल्लेखही नव्हता. जानेवारी २००९ मध्ये जर्मनीने बंदी घातली, आणि लगोलग नव्या रसायनाची नवी पाकिटे आली.

दुसरा प्रकार, नाव खरे पण अपुरे. आग्नेय आशियात क्रॅटम नावाचा वृक्ष आहे; त्याची पाने तिकडील कष्टकरी थकवा घालवण्यासाठी चघळत आले. स्वीडनमध्ये 'क्रिप्टन' या नावाने याच पानांची भुकटी म्हणून एक माल ऑनलाइन विकला गेला. त्यात पानांचे सत्त्व होतेच. पण ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधापासून शरीरात जे प्रभावी द्रव्य बनते, तेही त्यात गुपचूप मिसळलेले होते. वर्षभराच्या आत तेथे नऊ जणांचे मृत्यू या मिश्रणाशी जोडले गेले. २०११ मध्ये स्वीडिश न्यायवैद्यक तज्ज्ञांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या नऊ जणांनी पान घेतले अशी त्यांची समजूत होती.

तिसरा प्रकार, एका रसायनाच्या नावाखाली दुसरेच रसायन. याचे भयंकर उदाहरण २००९ मधील. 'टू-सी-बी-फ्लाय' असे लेबल लावून एक पूड ऑनलाइन विकली गेली. प्रत्यक्षात ती 'ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय' होती. रेणूची आकृती चतुर या कीटकाच्या पंखांसारखी दिसते म्हणून हे नाव. दोन्ही नावांत 'फ्लाय' आहे, दोन्हींची रचना जवळची आहे. पण दुसरे द्रव्य पहिल्याच्या कितीतरी पट तीव्र, अंमल चढायला उशीर लावणारे आणि रक्तवाहिन्या आवळून टाकणारे. लेबल वाचून जो हिशेब केला तो दुसऱ्याच वस्तूचा होता. डेन्मार्कमध्ये आणि अमेरिकेत या अदलाबदलीने तरुण मृत्युमुखी पडले. इथे कदाचित कोणी हेतुपुरस्सर फसवलेही नसेल. कुठल्यातरी गोदामात दोन पांढऱ्या पुडींच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. पांढऱ्या पुडीला स्वतःची ओळख सांगता येत नाही. तिची सारी ओळख त्या चिठ्ठीत असते.

चौथा प्रकार, कायदेशीर नाव आणि आत बंदी असलेले द्रव्य. ब्रिटनमध्ये झाडांचे खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मेफेड्रोनवर १६ एप्रिल २०१० रोजी बंदी आली. त्यानंतर लगेच 'एनआरजी-१' हा माल ऑनलाइन पुढे आला. हे नेफायरोन नावाचे वेगळे, अजून कायद्यात बसणारे द्रव्य आहे, असा गवगवा झाला. संशोधकांनी नमुने मागवून तपासले तेव्हा बहुतेकांत नेफायरोनचा पत्ता नव्हता. जुनेच मेफेड्रोन आणि त्याची भावंडे होती. व्यापाऱ्याने उरलेला साठा नवे नाव देऊन खपवला. 'कायदेशीर' हा शब्द वाचून पैसे मोजणारा ग्राहक नकळत गुन्हेगार ठरत होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही आपली म्हण इथे फार सौम्य पडते.

आता कोणी म्हणेल, नशा करणाराने धोका पत्करलेलाच असतो. लेबल खरे काय आणि खोटे काय, फरक किती पडणार? या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. नशेचे समर्थन मला करायचे नाही. परंतु फरक पडतो, आणि तो तीन ठिकाणी पडतो.

पहिला फरक मात्रेचा. पाल्यावर रसायन फवारताना ते सारखे पसरत नाही. एकाच पाकिटातील एक चिमूट फिकी, तर दुसरी जीवघेणी निघते. शिवाय द्रव्य बदलले की तीव्रता बदलते. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच दिवशी ३३ जण रस्त्यात पुतळ्यासारखे थिजून गेले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'झोंबी' म्हटले. त्यांनी ओढलेल्या पाकिटात जे रसायन सापडले, ते प्रयोगशाळेतील मोजमापानुसार गांजातील मूळ द्रव्याच्या सुमारे ८५ पट प्रभावी होते. गांजाचा पर्याय म्हणून घेतलेली वस्तू गांजाच्या जवळपासही नव्हती.

दुसरा फरक उपचाराचा. अत्यवस्थ रुग्ण येतो तेव्हा डॉक्टर विचारतो, काय घेतले? रुग्णाचा मित्र पाकिटावरचे नाव सांगतो. ते नाव खोटे असेल तर उपचाराची दिशाच चुकू शकते. रुग्णालयातील नेहमीच्या तपासण्या ठरावीक जुन्या द्रव्यांसाठी बनवलेल्या असतात. नवे रसायन त्यांत बहुधा पकडले जात नाही. अफूवर्गीय द्रव्याने श्वास मंदावला असेल तर नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध प्राण वाचवते. पण घेतलेली वस्तू त्या वर्गातली आहे हे सुचले तर. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२३ पासून, ब्रिटनमध्ये झोपेच्या किंवा चिंताशामक म्हणून विकल्या गेलेल्या नकली गोळ्यांत नायटाझीन हे अतितीव्र अफूवर्गीय द्रव्य आढळत आहे. ही द्रव्ये १९५० च्या दशकात एका स्विस औषधकंपनीत शोधली गेली आणि अतितीव्रतेमुळे औषध म्हणून कधीच बाजारात आली नाहीत. सत्तर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेले विष आज झोपेची गोळी म्हणून परत आले आहे.

तिसरा फरक अकल्पित भेसळीचा. मार्च-एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तरुण माणसे नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जात असल्याची तक्रार घेऊन येऊ लागली. त्यांनी घेतलेल्या कृत्रिम गांजात ब्रोडिफॅकम होते, म्हणजे उंदीर मारण्याचे विष. ते रक्त गोठू देत नाही आणि शरीरात आठवडेच्या आठवडे राहते. त्या एका राज्यात दीडशेहून अधिक रुग्ण झाले, किमान चौघे दगावले, आणि वाचलेल्यांना कित्येक महिने 'के' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. अशा वस्तूची मात्रा सांभाळून घेतली म्हणून कोण सुरक्षित राहील?

कायद्याने काय केले? प्रारंभी एकेका द्रव्यावर बंदी घालण्याचा मार्ग होता. तो सशाच्या मागे कासव सोडण्यासारखा ठरला. पुढे आयर्लंडने २०१० मध्ये आणि ब्रिटनने २०१६ मध्ये द्रव्याच्या नावाऐवजी परिणामावर बोट ठेवले. मेंदूवर अंमल करणारी कोणतीही वस्तू, मद्य, तंबाखू, चहा-कॉफी व औषधे यांसारखे अपवाद वगळून, विकणे हा गुन्हा ठरला. दुकाने बंद झाली, 'कायदेशीर' हा शब्द पाकिटांवरून गेला. व्यापार मात्र संपला नाही. त्याचा काही भाग पदपथावर आणि संगणकाच्या पडद्याआड सरकला. म्हणजे बंदी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे मात्र समजू नये. मेफेड्रोन हे त्याच कायदेशीर नशेच्या कुळातले. मुंबईत ते 'म्याव म्याव' आणि 'एमडी' या नावांनी पसरले. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, पण त्याच्या यादीत हे नाव फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. तोवर पोलिसांचे हात बांधलेले होते. 'एमडी' हे नावही फसवेच. 'एमडीएमए' हे निराळे द्रव्य, त्याच्या नावाशी जुळणारे. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन तयार करणारा कारखाना पकडला. जी वस्तू एकेकाळी दूरदेशाहून टपालाने येई, ती आता आपल्याच शेतशिवाराला लागून तयार होताना सापडली.

आणि हैदराबादकरांना तर आणखी जवळचे उदाहरण देतो. ताडी किंवा शिंदी ही या प्रदेशाची जुनी ओळखीची वस्तू. झाडाची ताडी म्हणून ग्लासातून जे दिले जाते, त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही गुंगीची औषधे मिसळण्याचा प्रकार तेलंगणात वर्षानुवर्षे चालत आला. २०१५ मध्ये अशा भेसळीवर कारवाई झाली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत लोक थरथरत, भ्रमिष्टासारखे बोलत रुग्णालयांत दाखल झाले. कारण त्यांना सवय ताडीची नव्हे, गोळ्यांची लागली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली परिसरात अशाच ताडीने माणसे दगावली. ताडीच्या मडक्यावर लेबल नसते हे खरे. पण 'ताडी' हे नाव हेच तिथे लेबल असते. गरीब माणसाने त्या नावावर विश्वास ठेवला.

श्रोतेहो, आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. 'नैसर्गिक', 'वनौषधी', 'कायदेशीर' हे तीन शब्द या व्यापाराचे भांडवल आहेत. तिघांनाही आपल्या मनात मोठी प्रतिष्ठा आहे. झाडपाल्याचे ते निरुपद्रवी, अशी आपली भाबडी समजूत. धोतराही झाडपालाच आहे, हे आपण विसरतो. कायद्याने मना नाही ते घातक नाही, ही दुसरी समजूत. कायदा नेहमी घटनेच्या मागून येतो, हे आपण विसरतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधीविषयी मार्मिक विचार आहे : रानात गुरे-मेंढ्या राखणाऱ्यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, पण तेवढ्याने औषधीचे ज्ञान होत नाही; न ओळखलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, विजेसारखे असते आणि ओळखलेले अमृतासारखे. इथे तर नाव खोटे, रूप फसवे आणि गुण अज्ञात. त्या प्राचीन वैद्याने ज्याचा धसका घेतला, तेच आज रंगीत पाकिटात घालून घरपोच मिळते.

या प्रकरणात ग्रंथालयाच्या माणसाला अस्वस्थ करणारी आणखी एक बाजू आहे. ज्या रसायनाने 'स्पाइस' भरले, ते अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. मेंदूतील विशिष्ट ग्राहकांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी शेकडो संयुगे बनवली आणि शास्त्राच्या रीतीप्रमाणे निबंध छापले. तीच गोष्ट पर्ड्यू विद्यापीठाच्या डेव्हिड निकोल्स यांची. त्यांच्या निबंधांतील कृती उचलून कोणी गोळ्या बनवल्या, माणसे मेली. जानेवारी २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी त्याविषयीची आपली व्यथा मांडली. म्हणजे हे विष ग्रंथालयाच्या फडताळातूनच बाहेर गेले. वाचन माणसाला सज्जन करतेच असे नाही, हे या शताब्दीच्या मंगल प्रसंगीही मान्य केले पाहिजे. मग फडताळांना कुलपे लावायची का? मला तसे वाटत नाही. त्या पाकिटांत खरे काय आहे ते ज्यांनी शोधले, त्यांनीही तेच निबंध वाचले होते. फरक असा की व्यापाऱ्याने वाचलेले लपवले आणि तपासनीसाने वाचलेले जाहीर केले.

जाहीर करणे हाच यावरचा एक उपाय दिसतो. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून लोकांनी आणून दिलेले नमुने तपासण्याची व्यवस्था आहे. वेल्समध्ये २०१३ पासून नाव न सांगता टपालाने नमुना पाठवता येतो आणि निकाल सर्वांसाठी प्रसिद्ध होतो : काय म्हणून घेतले, आणि प्रत्यक्षात काय निघाले. या दोन रकान्यांत जी तफावत दिसते, ती शंभर उपदेशांहून परिणामकारक आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला अशी सोय नाही. ती व्हावी की न व्हावी यावर मतभेद होतील, पण चर्चा तरी व्हावी.

तोवर आपल्या हाती काय आहे? घरातील तरुण मुलाशी बोलताना 'नशा वाईट' एवढे म्हणून थांबू नये. 'तुला जे सांगितले गेले ते त्या पुडीत नसेल' हे त्याला सांगावे. तरुणांना उपदेशाचा कंटाळा असतो, फसवले जाण्याचा मात्र मनस्वी राग असतो. दुर्दैवाने कोणी काही घेऊन अत्यवस्थ झाले, तर लाजेपोटी वेळ दवडू नये. १०८ ला बोलवावे, उरलेली पुडी किंवा पाकीट सोबत न्यावे, आणि लेबलावर हे लिहिले आहे पण खात्री नाही, असे डॉक्टरला सांगावे. तेवढ्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलू शकते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरते, आपल्या कायद्याच्या कलम ६४-अ ने खटल्यापासून संरक्षण दिले आहे. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शंभर वर्षे ग्रंथांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मोडी वळणाच्या अक्षरापासून आजच्या संगणकी छपाईपर्यंत त्या चिठ्ठ्यांचे रूप बदलले, पण लिहिले एक आणि आत दुसरे, असे त्यांनी कधी होऊ दिले नाही. हे काम लहान वाटते, त्याचा सत्कार कोणी करत नाही. नाव आणि वस्तू यांचे इमान राखणे किती मोलाचे असते, हे ते इमान जिथे तुटते तिथे गेल्यावर कळते. येत्या शतकात ग्रंथांच्या जोडीने वेष्टने, जाहिराती आणि पडद्यावरचे शब्दही शंकेने वाचण्याची सवय या वास्तूने आपल्या मुलांना लावावी, अशी विनंती करतो.